आयनॅचरलिस्ट: फुकट आहे, भारी आहे, पण "भारतात पहिल्यांदाच" म्हणायला एवढ्याने भागत नाही

आधीच सांगते, हा "फुलं ओळखायला कुठलं अ‍ॅप चांगलं" टाइपचा रिव्ह्यू नाहीये, त्यावर भरपूर लोकांनी लिहून झालंय. मला एकच गोष्ट बघायची होती. समजा रस्त्याच्या कडेला, नर्सरीच्या मागे, रेल्वेच्या यार्डात एखादं फुलझाड दिसलं जे भारताच्या कुठल्याच यादीत नाहीये, तर ते रीतसर नोंदवायला आयनॅचरलिस्ट हे फोटो टाकून नोंद करायचं अ‍ॅप कितपत कामाचं आहे? तुम्ही म्हणाल अशी वेळ आपल्यावर कशाला येतेय, पण येते हो. बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया (बीएसआय) दरवर्षी देशात नव्याने सापडलेल्या वनस्पतींची यादी छापते आणि त्यात दोन वेगळे प्रकार असतात, एक म्हणजे विज्ञानालाच नवीन असलेल्या जाती, आणि दुसरा म्हणजे बाहेर कुठेतरी आधीपासून माहीत असलेल्या पण भारतात पहिल्यांदा सापडलेल्या. पेपरात दोन्हीची बातमी "नवीन वनस्पतीचा शोध" अशीच येते तो भाग वेगळा. मी बोलतेय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल, आणि हा दुसरा प्रकार हौशी माणसाच्या हाताला लागण्यासारखा आहे, कारण बाहेरून येणारी झाडं घनदाट जंगलात उतरत नाहीत, ती उकिरड्यावर, गोदामामागे, बांधकामाच्या राडारोड्यात उतरतात, म्हणजे आपण रोज जातो तिथेच.

मी बॉटनी घेऊन बीएस्सी केलंय, पुढे लाइन बदलली, पण रस्त्याने जाताना खाली बघत चालायची सवय काही गेली नाही. अ‍ॅप बरीच वर्षं फोनवर आहे. तर हे अधिकारी माणसाचं मत समजू नका, वापरणाऱ्या बाईचं मत समजा.

अ‍ॅपची ओळख थोडक्यात. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात काही विद्यार्थ्यांनी मास्टर्सचा प्रोजेक्ट म्हणून हे सुरू केलं, मग मधली काही वर्षं कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेस आणि नॅशनल जिओग्राफिकच्या छत्राखाली होतं, २०२३ पासून स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. पैसे लागत नाहीत, जाहिराती नाहीत, देणग्यांवर चालतं. फोटो टाकायचा, तारीख आणि जागा टाकायची, मशीन नाव सुचवतं, मग जगभरातली माणसं येऊन हो किंवा नाही म्हणतात. एवढंच. नेट नसलं तरी नोंद फोनवर करून ठेवता येते, रेंजमध्ये आल्यावर चढवायची, सह्याद्रीत फिरणाऱ्यांना याची किंमत कळेल.

आता टेस्ट. टेस्टला मी घेतलं गाजर गवत. हसू नका! काँग्रेस गवत, गाजर गवत, जे म्हणता ते, पार्थेनियम हिस्टेरोफोरस. आज आपल्याला ते इतकं ओळखीचं आहे की त्याचा फोटो काढणाऱ्याकडे लोक वळून बघतात, पण हेच झाड एकेकाळी "भारतासाठी नवीन नोंद" होतं, आणि ती नोंद झाली आमच्या पुण्यात. १९५१ च्या सुमाराला प्रा. परांजपे यांना ते पुण्यात उकिरड्यावर तुरळक उगवलेलं दिसलं असं जुन्या लिखाणात येतं, आणि १९५६ साली आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) जर्नलच्या ५४व्या खंडात त्याच्यावर टिपण लिहिलं. दोन-तीन पानांचं टिपण, शीर्षकातच "भारतासाठी नवीन नोंद" असं स्पष्ट म्हटलेलं. म्हणजे मूळ मेक्सिकोच्या आखाताच्या आजूबाजूचं झाड, आणि भारतातली त्याची गाजलेली नोंद पुण्याच्या कचऱ्यातली. त्यामुळे मी अ‍ॅपचं एकेक फीचर घेऊन स्वतःला विचारत गेले, की १९५१ मध्ये त्या उकिरड्यापाशी उभ्या माणसाच्या हातात हे असतं तर?

पहिलं, नाव सुचवणं. आज गाजर गवताचा बरा फोटो दिला की नाव लगेच येतं, कारण मशीनने त्याचे ढिगाने फोटो बघितलेत. पण इथेच गोम आहे. हे मशीन दोन गोष्टी बघतं, फोटो कशासारखा दिसतोय आणि या भागात ती जात असण्याची शक्यता किती, आणि ही शक्यता कळते कशावरून तर आधी कुठे कुठे नोंदी झाल्यात त्यावरून. नेहमीच्या वापराला हे उत्तमच, नाहीतर ताम्हिणीतल्या झाडाला ब्राझीलची नावं सुचवली असती. पण आपला प्रश्नच उलटा आहे ना, आपल्याला तर जे इथे अपेक्षित नाही तेच हवंय! १९५१ च्या पुण्यात आसपासची एकही नोंद नसताना या मशीनने बहुतेक नागदवण्याच्या नाहीतर अशाच कुठल्यातरी कापल्यासारख्या पानांच्या झाडाकडे बोट दाखवलं असतं आणि माणूस खूश होऊन घरी गेला असता. यावर उपाय अ‍ॅपमध्येच आहे, जवळपास अपेक्षित नसलेल्या जातीही दाखव असा पर्याय असतो, तो चालू करायचा. तो ठळक दिसत नाही आणि नवीन माणसाला तो कशाला आहे हेही कळत नाही. नवीन पाहुण्या झाडांच्या दृष्टीने या अ‍ॅपमधलं सगळ्यात महत्त्वाचं बटण हेच आहे असं माझं मत. दुसरं असं की ज्या जातीचे फोटोच कमी आहेत ती मशीनला शिकवलेलीच नसते, मग ते जवळच्या भावकीतलं नाव देतं. त्यामुळे नाव जातीपर्यंत न देता नुसतं "या वंशातलं काहीतरी" असं आलं, तर वैतागू नका, उलट तिथे जरा थांबा.

दुसरं, "कल्टिव्हेटेड" ची खूण. झाड कुणी लावलेलं असेल तर ही खूण करायची, मग नोंद "कॅज्युअल" म्हणजे किरकोळ गटात जाते आणि पुढे संशोधकांच्या डेटात जात नाही. लोक ही खूण करतच नाहीत, सोसायटीच्या बागेतल्या कॉसमॉसचे फोटो रानफुल म्हणून पडलेले असतात. क्षुल्लक वाटेल, पण गाजर गवताचा अख्खा वाद या एका खुणेत बसतो बघा. कारण १९५६ ची नोंद पहिली नाहीच, असं नंतर दाखवून दिलं गेलं. विल्यम रॉक्सबर्ग यांच्या १८१४ साली छापलेल्या कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनच्या यादीत हे झाड आहे! म्हणजे बागेतलं झाड म्हणून १८१४, आणि आपलं आपण उगवणारं तण म्हणून ज्याने सगळ्यांचं लक्ष वेधलं ते १९५० चं दशक. दोन्ही तारखा खऱ्या, पण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. तेव्हा नवीन झाड नोंदवताना ते लावलेलं, बागेतून निसटलेलं, की स्वतःच्या बियांवर दोन-चार पावसाळे टिकून राहिलेलं, हे लिहायलाच पाहिजे. अ‍ॅपमध्ये त्यासाठी फक्त हो-नाही आहे, मधल्या पायऱ्या नाहीत, म्हणून मी नोट्सच्या रकान्यात दोन ओळी खरडते. किती रोपं होती, फळं धरली होती का, बाजूला छोटी रोपं उगवलेली दिसली का, जमीन कसली, आसपास नर्सरी किंवा धान्याचं गोदाम आहे का. हा रकाना बहुतेकांचा रिकामा असतो आणि मला खरंच कळत नाही का, तिथे लिहायला पैसे पडत नाहीत.

तिसरं, तारीख. अ‍ॅप बघितल्याची तारीख आणि अपलोडची तारीख वेगवेगळी ठेवतं, आणि फोटोतून तारीख-जागा आपोआप उचलतं. हे मला सगळ्यात जास्त आवडतं. आपल्याकडे एक गोष्ट घरोघरी सांगितली जाते, की गाजर गवत पीएल-४८० या अमेरिकन धान्य-मदत कायद्याखाली आलेल्या गव्हातून आलं. बऱ्याच ठिकाणी हे ठोकून लिहिलेलं असतं. आता तारखा लावा. तो अमेरिकन कायदा १९५४ चा, भारताशी त्याखाली करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि पुण्यात झाड दिसल्याचं साल सांगतात १९५१. मग पीएल-४८० च्या गव्हाने आणलेलं बी पाच वर्षं आधीच कसं उगवलं? त्याआधीही अमेरिकेतून गहू आलेला आहे, १९५१ मध्येच मोठं गहू-कर्ज मिळालं होतं, तेव्हा धान्यातून आलंच नसेल असं काही मी म्हणत नाहीये, पण ज्या योजनेचं नाव सगळे घेतात ती तारखेत बसत नाही. असली भांडणं सोडवायला तारीख लागते, आठवण चालत नाही. म्हणून एक सूचना, मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं काही अपलोड करू नका, त्यात जागा आणि वेळ दोन्ही पुसले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर त्यालाच अकाउंट काढायला लावा.

जागेच्या बाबतीत अ‍ॅप चांगलं आहे, एक गोल दाखवतं की एवढ्या मीटरच्या आत. घाटात तो गोल मोठा येतो, थोडं थांबून परत घ्यायचं. आणि दुर्मिळ, धोक्यातल्या जातींची नेमकी जागा ते आपोआप झाकतं, साधारण ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी असं दाखवतं, म्हणजे आपल्याकडे वीसेक किलोमीटरचा चौकोन. कंदीलपुष्पं आणि ऑर्किड्स कोण कोण उपटून नेतं हे माहीत असेल तर यासाठी तुम्ही अ‍ॅपला दुवा द्याल. स्वतःच्या घरासमोरचं काही टाकत असाल तर जागा झाकायचा पर्याय हाताने निवडा, तेवढं ध्यानात ठेवा.

आता तक्रारीचा भाग. "रिसर्च ग्रेड" हे लेबल. ऐकायला भारदस्त आहे, लोक स्क्रीनशॉट मिरवतात. प्रत्यक्षात अर्थ एवढाच की फोटो, तारीख, जागा आहे आणि ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त जण एका जातीवर सहमत आहेत. दोन जण असले तरी होतं. ते दोघे त्या कुळाचे तज्ज्ञ असतील किंवा मशीनने सुचवलेलं नाव वाचून मान डोलावणारे असतील, लेबल सारखंच दिसतं. आणि नेमकं नवीन झाडाच्या बाबतीत इथले ओळखणारे त्याला कधी भेटलेलेच नसतात, तर मान डोलावण्याची शक्यता जास्त. यावर चांगला मार्ग म्हणजे जिथलं ते झाड मूळचं आहे तिथल्या ओळखणाऱ्यांना टॅग करणं. हे मात्र या अ‍ॅपवर फार छान होतं, मेक्सिकोतला कोणी मास्तर रात्री बसून पुण्याच्या फुलाबद्दल चार ओळी लिहून जातो, बदल्यात काही मागत नाही. असं दुसऱ्या कुठल्या ठिकाणी मला मिळालं नाही. गूगल लेन्सला तर विचारूच नका, ते चित्राशी चित्र जुळवतं, नोंद ठेवणं हे त्याचं कामच नाही. प्लांटनेट बरं आहे, ते पान, फूल, फळ, साल कशाचा फोटो आहे ते विचारतं आणि ती शिस्त मला आवडते, पण चर्चा करायची मजा आयनॅचरलिस्टवर आहे.

ती शिस्त उचलून आयनॅचरलिस्टवर वापरा असं मी सगळ्यांना सांगते. फुलाचा एकच गोड क्लोजअप काही कामाचा नाही. अख्खं झाड, खोडाची लव, पानाची वरची आणि खालची बाजू, कळी, फूल समोरून आणि बाजूने, फळ, बी, आणि बाजूला पट्टी किंवा नाणं. गाजर गवताचंच बघा, लांबून नुसते पांढरे ठिपके, पण दहापट भिंगातून बघितलं की एकेक ठिपका म्हणजे चार-पाच मिलिमीटरचं अख्खं फुलांचं मुंडकं असतं, कडेला बहुतेक पाचच इवलीशी किरणफुलं असतात आणि बी धरतं ते याच पाचांना, मधली सगळी पुरुषाचं काम करून गळतात. असल्या गोष्टींवर ओळख ठरते. भिंग सोनाराचं चालतं, काही शे रुपयांत मिळतं, फोनच्या कॅमेऱ्याला लावूनही फोटो येतो. गाजर गवत हाताळणार असाल तर हातमोजे घाला, त्यातल्या पार्थेनिन या रसायनामुळे त्वचेला जो त्रास होतो तो भयंकर असतो, पुण्यातल्या त्वचारोगवाल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकातच त्यावर लिहून ठेवलंय.

बरं, एवढं सगळं नीट केलं. फोटो झकास, मेक्सिकोच्या मास्तरांचा होकार, रिसर्च ग्रेड, लायसन्स योग्य असल्यामुळे नोंद कोपनहेगनच्या जीबीआयएफमध्येही, म्हणजे जगभरच्या जीवनोंदींच्या खुल्या साठ्यातही गेली. झाली का भारतातली नवीन नोंद? नाही. अजिबात नाही, आणि याचसाठी मी स्टार कापलेत. अ‍ॅपचा हा दोष आहे असं नाही, पण अ‍ॅप तुम्हाला हे कुठेच सांगत नाही, आणि लोक फेसबुकवर "फर्स्ट रेकॉर्ड फॉर इंडिया" टाकून मोकळे होतात.

नवीन नोंद म्हणजे "इथे आहे" एवढं सांगून भागत नाही, "आधी कुणाला इथे मिळालेलं नव्हतं" हेही दाखवावं लागतं, आणि हे दुसरं अर्धं काम अ‍ॅपच्या बाहेर आहे. त्यासाठी जुने फ्लोरा, म्हणजे त्या त्या भागातल्या वनस्पतींची पुस्तकं, चाळायची: हूकरचा ब्रिटिश इंडियाचा फ्लोरा, कूकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, महाराष्ट्राचे बीएसआयने काढलेले खंड, मग मधल्या काळातली सगळी फुटकळ टिपणं. क्यू गार्डनच्या प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइनवर जात शोधली की कुठल्या कुठल्या देशात आहे त्याचा नकाशा येतो, आणि जुनं नाव आजच्या कुठल्या नावात विलीन झालंय तेही. हे फार महत्त्वाचं, कारण कितीतरी वेळा झाड जुन्या फ्लोरात असतंच, फक्त दुसऱ्या नावाने. जुनी जर्नलं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचता येतात, बीएनएचएसच्या जर्नलचे जुने अंकही. मुंबईच्या उकाड्यात ट्रेन पकडून लायब्ररी गाठायची त्याऐवजी घरी चहा घेत पानं उलटता येतात, आमच्या कॉलेजच्या वेळी हे असतं तर!

आणि मग हर्बेरियम, म्हणजे कागदावर (शीटवर) चिकटवलेल्या वाळक्या झाडांचा संग्रह. पुण्यात कोरेगाव रोडला बीएसआयचं पश्चिम विभागाचं हर्बेरियम आहे, आघारकर संशोधन संस्थेचं आहे, मुंबईला झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं. आधी लिहून, परवानगी काढून जायचं. तिथे त्या वंशाच्या सगळ्या शीट बघायच्या, विशेषतः ज्यांच्यावर नुसतं वंशाचं नाव लिहून जात सोडून दिलीय अशा. कारण तुमचं "पहिलंच" झाड तिथे चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी दाबून ठेवलेलं असू शकतं, ओळख न पटल्याने पडून राहिलेलं. असं झालं तर वाईट वाटून घेऊ नका, त्यातूनही टिपण होतं, आणि ते जास्त रंजक असतं.

शेवटी तुमची स्वतःची शीट लागतेच. वर्तमानपत्रात दाबलेलं, फुलं-फळं दोन्ही असलेलं खरंखुरं झाड, ४२ बाय २८ सेंटीमीटरच्या जाड कागदावर, लेबल लावून, हर्बेरियमचा क्रमांक पडलेलं. फोटोतून पराग काढता येत नाहीत, डीएनए काढता येत नाही, आणि उद्या कुणी त्या जातीचे तुकडे करून दोन जाती केल्या की फोटो बघून सांगता येत नाही ही कुठली. शीट उघडून सांगता येतं. आमच्याकडे पावसाळ्यात हे दाबणं म्हणजे शिक्षा आहे, कागद रोज बदलले नाहीत की बुरशी, तेव्हा पेपरच्या रद्दीवर घरात कुणाला हात लावू देऊ नका. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो म्हणून तो लेबलवर लिहायचा, आणि इथे तुमचा अ‍ॅपवरचा फोटो परत कामाला येतो, त्या नोंदीचा नंबर लेबलवर टाकला की रंग, जागा, तारीख सगळं जोडलं गेलं. शीट आणि नोंद अशी जोडी मला आदर्श वाटते. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात मात्र परवानगीशिवाय एक काडीही तोडायची नाही, आणि चार-पाचच रोपं असतील तर देशी दुर्मिळ झाडाला हातच लावू नका, फोटो काढून एखाद्या बॉटनीच्या प्राध्यापकांना कळवा. उकिरड्यावरच्या परदेशी तणाला हा नियम नाही, ते बी पडायच्या आत खुशाल उपटा.

घाई कशाला करायची तेही सांगते, कारण मला हा प्रश्न विचारला गेलाय, की एका तणाची नोंद सहा महिने उशिरा झाली तर काय बिघडलं. १९५० च्या दशकात जे उकिरड्यावर तुरळक होतं ते आज देशात साधारण साडेतीन कोटी हेक्टरवर पसरलंय असा अंदाज सगळीकडे दिला जातो. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. हे गवत खाणारा मेक्सिकोचा भुंगा आणून बेंगळुरूला सोडेपर्यंत १९८४ उजाडलं होतं, तोवर गवताने देश पादाक्रांत केला होता. मूठभर झाडं असताना कुणी ओळखलं तर कुदळीने काम होतं. आता इतक्या लोकांच्या खिशात कॅमेरा आणि हे अ‍ॅप आहे, तर पुढचं गाजर गवत एखाद्या शाळेच्या पोराला सापडावं अशी माझी इच्छा आहे, आणि यासाठी अ‍ॅपला मी पैकीच्या पैकी देईन. पोरांसाठी त्यांचंच सीक नावाचं वेगळं अ‍ॅप आहे, त्याला अकाउंटही लागत नाही.

तर माझं रेटिंग: सापडलेलं लक्षात यायला आणि योग्य माणसापर्यंत पोचायला पाचपैकी पाच. तारीख-जागा सांभाळायला पाच. नवीन नोंदीचा पुरावा म्हणून दोन, तेही शीटच्या जोडीला आहे म्हणून. मराठी नावांचं काम आपणच करायचंय, कुठल्याही भाषेतलं नाव कोणीही घालू शकतं, तर गावाकडची नावं माहीत असणाऱ्यांनी कृपया हातभार लावा, फक्त ऐकीव नावं ढकलू नका.

आणि हो, अकाउंट काढल्यावर सेटिंगमध्ये जाऊन लायसन्स बघून घ्या. "ऑल राइट्स रिझर्व्ह्ड" ठेवलंत तर तुमची नोंद जीबीआयएफला जात नाही, अ‍ॅपवरच पडून राहते. क्रिएटिव्ह कॉमन्सचं नॉन-कमर्शियल ठेवलं तरी चालतं, नाव तुमचंच राहतं.